कूलंटचा पाईप गळतो तेव्हा: काय बदलायचे आणि काय नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या गाड्या पुण्या-मुंबईकडे निघतात. बडोद्याहून पुणे म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. बाहेर चाळीस-बेचाळीस अंशांचे ऊन, आत माणसे आणि सामान, एसी दिवसभर चालू आणि शेवटी खंडाळ्याचा घाट. वर्षभर अलकापुरी ते मांडवी फिरलेल्या गाडीच्या रबरी पाईपांची खरी परीक्षा या एका दिवशी होते.

दर उन्हाळ्यात आपले सभासद एक प्रश्न हमखास विचारतात: "कूलंट गळतंय म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, तर त्यांनी लांबलचक यादी हातात ठेवली. यातलं खरंच किती गरजेचं?" त्याचेच उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

पाईपचे काम काय

इंजिनातली उष्णता कूलंट उचलतो आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडतो. तापलेला कूलंट वरच्या होज पाईपमधून रेडिएटरकडे जातो, थंड झालेला खालच्या पाईपमधून परत येतो. शिवाय हीटरचे दोन पाईप आणि रिझर्व्ह टाकीकडे जाणारी बारीक नळी असते. रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण आतला दाब धरून ठेवते. त्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. पाईपला चीर पडली की कूलंटबरोबर हा दाबही जातो.

रबर बाहेरून चांगले दिसले तरी बऱ्याचदा आतून चिरत जाते, विशेषतः क्लॅम्पच्या जवळ. गाडी थंड असताना पाईप बोटांनी दाबून पाहा. निरोगी पाईप दाबला जातो आणि लगेच मूळ आकारात येतो. तो लाकडासारखा कडक लागला, भिजलेल्या पावासारखा मऊ लागला किंवा कुठे फुगलेला दिसला, तर त्याचे दिवस भरले असे समजा.

गळती ओळखायची कशी

गाडीखाली पाणी दिसले म्हणजे गळतीच असे नाही. एसीचे पाणी रंगहीन आणि बिनवासाचे असते. ते उन्हाळ्यात पडणारच. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा लाल असतो, बोटाला किंचित चिकट लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. वाळल्यावर क्लॅम्पभोवती पांढरट किंवा हिरवट पापुद्रा उरतो. हा पापुद्रा म्हणजे गळतीचा पत्ताच. कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड असतो, म्हणून सांडलेला लगेच भरपूर पाण्याने धुवा. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांना त्यापासून दूर ठेवा.

रस्त्यात तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार सर्वांत महागात पडतो. कूलंट संपल्यावर चार-पाच किलोमीटर रेटलेल्या गाडीचे हेड वाकू शकते, गॅस्केट जाऊ शकते. मग काही शे रुपयांच्या पाईपचे काम हजारोंच्या इंजिनकामावर जाते. गरम गाडीचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. उकळता कूलंट थेट तोंडावर येतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा आणि वरचा पाईप हाताला गार लागल्यावरच झाकणाला हात लावा.

दुरुस्ती

चीर पाईपच्या टोकाशी असेल आणि पाईपला लांबी असेल, तर तेवढा तुकडा कापून क्लॅम्प पुन्हा आवळता येतो. चीर मध्ये असेल तर पाईप कोरडा करून त्यावर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळता येते. दोन्ही उपाय फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना इलाज अजूनही सांगितला जातो. पाईपच्या चिरेवर त्याचा उपयोग नाही, उलट तो गाळ रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

पक्की दुरुस्ती म्हणजे नवा पाईप. मेकॅनिकजवळ उभे राहिलात तर चार गोष्टी पाहा. जुना पाईप ओढून न काढता फिरवून सैल करावा, नाहीतर रेडिएटरचे प्लास्टिकचे तोंड तुटते. ते तोंड पुसून साफ करावे. क्लॅम्प नवा असावा आणि तोंडावरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसावा. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढावी: हीटर चालू ठेवून, पंखा एक-दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवावे आणि गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघावी. हवा राहिली तर नव्या पाईपची गाडीही तापते. कूलंट कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचा वापरा. तो तयार मिश्रणाचा नसेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात.

हालोलच्या कारखान्यातल्या शेव्हरोले गाड्या आपल्याकडे अजून दिसतात. तिथले उत्पादन २०१७ मध्ये थांबले. अशा गाड्यांसाठी बाहेरून पाईप घेताना जुना पाईप बरोबर न्या आणि आतला व्यास व वळण दोन्ही जुळवा. सरळ पाईप वाकवून बसवला तर तो मध्येच मुडपतो आणि कूलंटची वाट अडते.

यादी हातात आली की

आमच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंचे उदाहरण घेऊ. मुलगा परदेशी, गाडी नऊ वर्षांची, खाली हिरवे थेंब. सर्व्हिस सेंटरने लिहून दिले: रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज पाईप, नवा कूलंट, इंजिन फ्लश आणि एसीची सफाई. वर सल्ला, "बेन, आखी सिस्टिम बदलावी दो." काकूंनी सही न करता यादी आम्हाला पाठवली. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगितले: "गळतंय कुठून, ते मला दाखवा."

त्याचे उत्तर प्रेशर टेस्टने मिळते. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा उतरतो का ते पाहतात. जिथून गळते तिथे थेंब दिसतो. या चाचणीशिवाय रेडिएटर बदलायला सांगणे हा अंदाज झाला. काकूंच्या गाडीत थेंब वरच्या पाईपच्या क्लॅम्पशी निघाला. रेडिएटर आणि पंप कोरडे होते.

मग यादीचे तीन भाग करता आले.

१. आजच करायचे: गळका पाईप, त्याच वयाचा खालचा पाईप, क्लॅम्प आणि कूलंट. एक पाईप म्हातारा झाला असेल तर दुसराही तेवढाच जुना असतो. हा सल्ला रास्त होता. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात तपासला तर तो पुरता उघडत नव्हता, म्हणून तोही बदलला.

२. लक्ष ठेवायचे: वॉटर पंप. पंपाच्या छोट्या छिद्रातून ओल येत असेल, बेअरिंग हलत असेल किंवा आवाज करत असेल तर तो बदलावा. ज्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलणे शहाणपणाचे, कारण खोलण्याची मजुरी एकदाच पडते.

३. या गळतीशी संबंध नसलेले: रेडिएटर, इंजिन फ्लश, एसीची सफाई.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यादी लांब आहे म्हणून सर्व्हिस सेंटर फसवतेच असे नाही, आणि बाहेरचा गॅरेजवाला स्वस्त आहे म्हणून त्याचे निदान बरोबरच असेही नाही. "नुसती क्लिप आवळून देतो" हा सल्ला ऐकून चिरलेला पाईप घेऊन घाटात जाणे जास्त धोक्याचे. दोघांनाही तेच प्रश्न विचारा: कुठे गळते? चाचणी काय केली? आता नाही केले तर काय होईल? सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेले एस्टिमेट घ्या. बदललेला जुना भाग परत देण्याची सूचना आधीच जॉब कार्डवर लिहून घ्या. नव्या कामाला फोनवरून होकार देताना ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

आपले हक्क

गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत केंद्रातच जा आणि तक्रार लेखी नोंदवा. वॉरंटी संपल्यावर निवड आपली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलात गेले, म्हणून आपल्या गाडीची वॉरंटी पुस्तिका आधी वाचा. दुरुस्तीची माहिती ग्राहकांना एका जागी मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात वाहनांचाही विभाग आहे.

न विचारता केलेल्या कामाचे बिल लावले, तर आधी केंद्राच्या व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. या सगळ्यासाठी एस्टिमेट, जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवलेले असावे.

गावाला निघण्याच्या आठवडाभर आधी सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा, टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा आणि दोन्ही पाईप दाबून बघा. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी शेजारच्या कुणा तरुणाला हाक मारावी. आणि यादी हातात आल्यावर गोंधळायला झाले, तर सही करण्याआधी तिचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाका. गाड्यांचे काम जाणणारे सभासद आपल्यात आहेत, ते नक्की सांगतील.