शब्द कमी पाहिजे

चिकपेटे स्टेशनच्या भुयारातून आम्ही वर येतो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरतोय. 2024 च्या ऑगस्टमधला शनिवार, सकाळचे अकरा. भाचीच्या मुठीत वहीचं दुमडलेलं पान आहे. त्यावर सुट्या भागांची यादी, आणि यादीच्या डोक्यावर खाली दोन रेघा मारून तिनं लिहिलंय : ‘आवाज नको.’

ती बेळगावची. इथं कम्प्युटर सायन्सला आलीय. चार वर्षं मल्लेश्वरमला आमच्याकडे राहणार आणि अभ्यास आजीच्या खोलीत करणार, कारण वेगळी खोली नाही. तिचं टेबल आणि आजीची कॉट यांच्यात जेमतेम तीन फूट. आजी म्हणजे माझी आई. वय 81, रात्री नऊला अंथरुणाला पाठ. भाचीचं काम रंगतं ते दहानंतर. दाजींनी पासष्ट हजार धाडलेत, मॉनिटर घरातला जुनाच वापरायचा.

आईची झोप हलकी आहे असं घरात सगळे म्हणतात, पण ते पुरतं खरं नाही. तिचं माहेर कब्बनपेटेतलं. आम्ही भावसार, तिचे वडील शिंपी आणि शेजार विणकरांचा. भिंतीपलीकडे माग, अलीकडे वडलांचं पायमशीन, आणि दिवाळीच्या तोंडावर दोन्ही रात्रभर. त्या खटखटीत ती ढाराढूर झोपायची. आजही छताचा पंखा पाचावर असला तरी तिला काही होत नाही. शेजारचा पाण्याचा पंप सुरू झाला की मात्र ती जागी होते, आणि बंद झाला की पुन्हा. गेल्या आठवड्यात भाचीच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा मध्यरात्री एकाएकी उसळला, तर आई उठून बसली आणि म्हणाली, “कोण आलं गं?”

तेव्हाच भाचीनं ठरवलं, लॅपटॉप नको. डेस्कटॉप घ्यायचा, एकेक भाग निवडून.

अ‍ॅव्हेन्यू रोड ओलांडून नगरथपेटेच्या बाजूनं आम्ही एसपी रोडवर येतो. सदर पत्रप्पा रोड हे पूर्ण नाव कोणी उच्चारत नाही. बंगळूरात कुणाला वायर, मोटर, कॅमेरा, सर्किटचा तुकडा, काहीही हवं असलं की पाय इकडंच वळतात. गल्ली अरुंद आहे आणि तिची दोन्ही अंगं उभ्या स्कूटरींनी खाल्लीयत. मधून हातगाड्या, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल, त्यांच्या मागं हॉर्न. एका दुकानात स्पीकर तपासताहेत, दुसऱ्यात लोखंडी पत्रा कापताहेत. मोबाइलमधला आवाज मोजणारा आकडा 78 डेसिबलच्या आसपास नाचतोय. रात्री आईच्या खोलीत तोच 30 ते 32 दाखवतो.

“इथं कसं कळणार रे मामा?” भाची माझ्या कानाशी येऊन विचारते.

पहिल्या दोन दुकानांत कळतही नाही. काचेची कॅबिनेटं एकावर एक रचलेली, आत जांभळे-हिरवे दिवे फिरताहेत. पान न वाचताच मुलगा विचारतो, गेमिंग ना? आणि ग्राफिक्स कार्डाचा डबा पुढं सरकवतो. आम्ही बाहेर पडतो.

तिसरं दुकान माडीवर आहे. जिना इतका उभा की मला कठडा धरावा लागतो. गल्लापेटीशी साठीचे एक गृहस्थ बसलेत. फोनवर मारवाडी, पोऱ्याशी कन्नड, आणि भाची दिसताच हिंदी. मी माझ्या कन्नडात सांगतो, “शब्द कम्मी इरबेकु.” जन्म इथं गेला तरी हे वाक्य बोलताना मी दरवेळी क्षणभर थांबतो. कन्नडात शब्द म्हणजे आवाज. मराठी कानाला ते ‘बोलणं कमी पाहिजे’ असं ऐकू येतं. भाचीला हसू फुटतं. शेठजी मात्र चष्मा कपाळावर चढवून पान हातात घेतात आणि पहिल्यांदाच कोणीतरी ते वरच्या ओळीपासून वाचतं.

“रात को चलेगा? कमरे में कोई सोता है?”

“आजी,” भाची म्हणते. “दादी.”

ते मान हलवतात. मग पेन उचलून म्हणतात, “पहले गरमी कम करो. पंखा बाद में सोचेंगे.”

हे वाक्य मी मनात घोळवत राहतो, कारण घरून निघताना मी नेमका उलटा विचार करत होतो. मला वाटत होतं की चांगले पंखे घेतले की झालं. पण पंखा आपणहून ओरडत नाही. आत जेवढी वीज जळते तेवढी उष्णता होते आणि ती बाहेर काढायला त्याला धावावं लागतं. एनव्हीडियाचं 4060 हे मधल्या फळीतलं कार्डसुद्धा एकटं 115 वॅट ओढतं. भाचीला प्रोग्रॅम लिहायचेत, कंपाइल करायचेत, अधूनमधून सिनेमा बघायचाय. शेठजी ग्राफिक्स कार्डाच्या जागी सरळ रेघ मारतात. भाचीनं पानावर लिहिलेला प्रोसेसर त्यांना पटतो : रायझन 5 8600जी, याच वर्षी जानेवारीत आलेला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि चित्र उमटवणारा भाग त्याच्याच पोटात. डब्यावर 65 वॅट लिहिलंय. जोरात असताना तो 88 पर्यंत जातो, पण बायॉसमध्ये सांगून 45 वर बांधूनही ठेवता येतो. अख्खं यंत्र पुऱ्या ताकदीनं चाललं तरी दीडशे वॅटच्या आत.

रॅमला वेळ लागत नाही. सोळाची एक कांडी नको, आठ-आठच्या दोन. कार्ड नसल्यानं चित्राचं काम याच रॅममधून होणार, आणि दोन कांड्या असल्या की ते दोन वाटांनी होतं. हार्ड डिस्क नकोच. तिच्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि त्यांची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते. एक टेराबाइटची एसएसडी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, तिच्यात हलणारं काहीच नाही.

एसएमपीएसपाशी, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी, मात्र आम्ही अडकतो. मी स्वस्तातला उचलतो, कारण पैसे तिथं वाचवावेत असं मला वाटतं. शेठजी तो माझ्या हातून काढून घेतात, टेबलावरच्या उघड्या बोर्डाला जोडतात, दार लावून घेतात आणि पोऱ्याला पंखा बंद करायला सांगतात. गल्ली एकदम दूर जाते.

“काही ऐकू येतंय?” मी विचारतो. मला काहीच नाही.

भाचीनं नाक मुरडलंय. “चिलटासारखं, मामा. बारीक, सतत. तुला खरंच नाही येत ऐकू?”

पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या कानातून त्या उंच पट्टीची बेगमी कधीच संपलीय. हा पंख्याचा आवाज नव्हे. आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज क्षणात हजारो वेळा चालू-बंद होते आणि ती वेटोळी सूक्ष्म थरथरतात, त्याचं हे गाणं. आईच्या कानालाही ते बहुधा पोचणार नाही. पण या टेबलाशी चार वर्षं बसायचंय भाचीला, आणि तिच्या डोक्यात ते रोज रात्री वाजत राहील. दुसरा एसएमपीएस येतो, 650 वॅटचा, गोल्ड शिक्क्याचा. त्या शिक्क्याचा अर्थ असा की अर्ध्या भाराला भिंतीतून घेतलेल्या विजेतली साधारण 90 टक्के तो कामाला लावतो. त्याच्या स्वतःच्या पोटात उरलेलीचीच फक्त उष्णता होते. भार कमी असला तर त्याचा पंखा फिरतच नाही. तो जोडल्यावर भाची डोळे मिटून बराच वेळ उभी राहते आणि मग म्हणते, “हाच.”

किंमत स्वस्तातल्याच्या दुपटीहून जास्त. मी गप्प बसतो. तिचे कान, तिचं घर, तिची रात्र.

कॅबिनेटवरून आमचा चक्क वाद होतो. मला ते आतून फोम लावलेलं, चारी बाजूंनी बंद, जड दाराचं आवडलंय. आवाज आतल्या आत कोंडला जाईल असं माझं म्हणणं. भाचीला पुढून जाळीचं हवंय.

“मामा, बंद पेटीत हवा कुठनं येणार? आत तापलं की पंखे पळणार, आणि मग फोम काय करणार सांग की.”

शेठजी मध्ये पडत नाहीत. एक 120 मिलिमीटरचा आणि एक 140 चा असे दोन पंखे ते टेबलावर ठेवतात, दोन्हींना वेग कमी-जास्त करायची कळ जोडतात आणि भाचीच्या हातात देतात. लहान पंखा भरवेगात सोडला की कागद फडफडतो आणि सुसाट शिट्टी येते. ती कळ फिरवत फिरवत निम्म्यावर आणते. हवा निम्मी होते, तळव्याला कळतं, पण आवाज निम्म्याहून कितीतरी खाली जातो. फेरे निम्मे केले की आवाज साधारण 15 डेसिबलनी उतरतो, आणि कानाला तर 10 उतरले तरी निम्मा झाल्यासारखा वाटतो. आता मोठा पंखा. तेवढ्याच हवेसाठी त्याला आणखी सावकाश फिरलं तरी चालतं. सावकाश फिरणारे दोन मोठे पंखे शेजारी ठेवले तर आवाज वाढतो तो फक्त 3 डेसिबलनी. मी त्या दोघांसमोर वाकून कान लावतो. वाऱ्याचा नुसता पदर हलावा तसं. पट्टी नाही, शिट्टी नाही. छताच्या पंख्याचीच धाकटी बहीण.

ठीक आहे. जाळी.

वर जाळीमागं धुळीचा गाळणीपडदा घेतो. बंगळूरची हवा नऊशे मीटर उंचीवरची, आज 24 अंशांची, यंत्र थंड ठेवायला याहून चांगलं गाव नाही. पण धूळ आहे, आणि धूळ बसलेला पंखा कुरकुरायला लागतो. कूलर डीपकूलचा एके 400 ठरतो, उभा मनोरा, चार तांब्याच्या नळ्यांचा. प्रोसेसरसोबत आलेला बुटका कूलर फुकटचा, पण तो इवलासा असल्यानं त्याला सारखं धावावं लागेल. मनोरा 155 मिलिमीटर उंच, म्हणून कॅबिनेटची रुंदी फूटपट्टी लावून पाहिली जाते.

जोडणी मागच्या खोलीत होते. मंड्याकडचा पंचविशीतला मुलगा मांडी घालून बसतो, आधी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला बोट लावून अंगातली स्थिर वीज सोडतो आणि मग बोर्डाला हात लावतो. प्रोसेसरवरची खिट्टी दाबताना भाची श्वास रोखते. स्क्रू तो कर्णरेषेत घट्ट करतो, थोडा इकडचा, थोडा तिकडचा. चाळीस मिनिटांत पडद्यावर अक्षरं येतात.

मग तो एक गोष्ट करतो, जी मी मोटार मेकॅनिककडे पाहिलीय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीवर टेकवतो आणि मूठ कानाच्या हाडाशी धरतो. एकेका पंख्यापाशी असं करून तिसऱ्याशी थांबतो, स्क्रूड्रायव्हर भाचीच्या हातात देतो. ती ऐकते. मीही ऐकतो : आत खर्र, खर्र, अगदी हळू. बेअरिंग. तो पंखा निघतो, दुसरा बसतो, कोणी काही बोलत नाही.

बायॉसमध्ये भाची स्वतः बसते. तापमान आणि वेग यांची रेघ तिच्यासमोर आहे, आणि ती त्या रेघेचा चढ बोटाबोटानं खाली ओढते. साठ अंशांपर्यंत पंखे 500-600 फेऱ्यांवर, सपाट. तापमान क्षणभर उसळलं तर लगेच धावायचं नाही, काही सेकंद थांबायचं.

“पंप नको व्हायला,” ती मला म्हणते. बाकी कोणाला या वाक्याचा अर्थ कळत नाही.

बिल जीएसटीसह पासष्टच्या आत चारशेनं बसतं. मुलगा निघताना बजावतो की रिक्षात उभं ठेवू नका. आडवं निजवा, बोर्ड खाली, म्हणजे मनोरा सरळ राहील, त्याचं वजन बोर्डावर लोंबणार नाही. आम्ही तसंच करतो. खोकं सीटवर निजलेलं, भाची एका कडेला, मी दुसऱ्या कडेला अर्धा बाहेर, आणि रिक्षा प्रत्येक खड्ड्यातून जाताना आमचे चार हात खोक्यावर.

रात्रीचे सव्वादहा. खोलीत झिरोचा दिवा. यंत्र टेबलाखाली चालू आहे आणि ते चालू आहे हे पांढऱ्या ठिपक्यावरूनच कळतंय. मी दाराशी उभा. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय. भाचीनं पहिला प्रोग्रॅम लावलाय.

टिक. टिक. टिक.

भाचीचं तोंड उतरतं. ती माझ्याकडे बघते. मला वाटतं बेअरिंग, दुसरंही तसलंच निघालं.

“दोरा लागतोय कशाला तरी,” आई भिंतीकडूनच म्हणते. “चाकाला. मशीन नाही बिघडलेलं.”

भाची यंत्र बंद करते, बाजूचा पत्रा उतरवते, मी मोबाइलचा उजेड धरतो. रिक्षातल्या हिसक्यांनी एक बारीक वायर निसटून पंख्याच्या पात्यापर्यंत आलीय. पात्याची कड तिला प्रत्येक फेऱ्याला शिवून जातेय. बांधायला काही सापडत नाही. आई उठते, उशाखालचा डबा काढते, काळ्या दोऱ्याचं रीळ चाचपून बाहेर घेते आणि दातानं वीतभर तोडते.

“ये इकडं. दोन वेढे घे, मग गाठ. पीळ देऊ नकोस.”