आधी पंप, मग इंजिन

इ. स. १६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १६५९ साली, या बंदरांत युद्धनौका बांधल्या जात असल्याची खबर पोर्तुगीज कारभाऱ्यांनी आपल्या राजाच्या दरबारी रवाना केली. याच सुमारास, म्हणजे १६६१ साली, तिकडे इंग्लंडात टूगुड व हेज या दोन गृहस्थांनी, पंपाने पाणी आत ओढून ते मागे फेकावे आणि त्या जोरावर जहाज पुढे न्यावे, अशा कल्पनेची सनद मिळविली. भिवंडीच्या नौका शिडांवर व वल्ह्यांवर कामगिरी बजावीत राहिल्या. इंग्लंडातील ती कल्पना मात्र पुढे जवळजवळ तीनशे वर्षे प्रयोगांच्याच अवस्थेत रेंगाळली.

तिला खरे यश मिळाले ते न्यूझीलंडात. बिल हॅमिल्टन नावाच्या मेंढपाळ-यंत्रज्ञाला आपल्या मुलुखातील उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांतून प्रवाहाविरुद्ध जावयाचे होते, आणि अशा पाण्यात नौकेखाली फिरणारा पंखा टिकणे शक्य नव्हते. १९५०नंतरच्या दशकात त्याने नौकेच्या पोटात पंप बसविला, आणि झोताचे तोंड पाण्याखालून काढून पाण्याच्या पातळीच्या वर आणताच नौकेचा वेग वाढला. झोत मागच्या पाण्याला रेटतो म्हणून नौका पुढे जाते, ही सामान्य समजूत या एका प्रयोगाने खोटी ठरते. पाणी मागे फेकण्याच्या क्रियेचीच प्रतिक्रिया नौकेला पुढे ढकलीत असते, मग तो झोत पाण्यात पडो की हवेत. १९७७ साली एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून गंगेच्या उगमाच्या दिशेने जी मोहीम काढली, ती अशाच तीन जेट बोटींतून, आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने वाट अडवीपर्यंत त्या बोटी हिमालयाच्या खळाळत्या पाण्यातून चढत गेल्या.

भिवंडीच्या वाचकाला या विषयाचे अगत्य वाटावे याला कारण आहे. कामवारी नदीचे पाणी ज्या खाडीस मिळते, ती उल्हास नदीची व वसईची खाडी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग झाली असून, काल्हेर व अंजूर या भिवंडी तालुक्यातील गावांची नावे तिच्या नियोजित धक्क्यांच्या यादीत आलेली आहेत. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, गाळाने उथळ झालेले पात्र आणि पावसाळ्यात वस्तीत शिरणारे पुराचे पाणी, या तिन्ही प्रसंगी बाहेर फिरते पाते नसलेली नौका उपयोगाची ठरेल, हे उघड आहे. पुरात बुडणाऱ्या माणसाच्या जवळ जाताना तर तिचा हा गुण विशेष मोलाचा. परंतु बचावाच्या कामात नौकेचा सर्वाधिक वेग किती, यापेक्षा ती जागेवरून किती झटकन उसळते, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो, आणि त्याचे उत्तर देताना बहुतेकांची नजर प्रथम इंजिनाकडेच वळते.

येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. पंपाच्या इम्पेलरला, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकाला, फिरविण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर नौका स्थिर असताना झोताने मिळणारा रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून इंजिनाची शक्ती २० टक्क्यांनी वाढविली तरी इम्पेलरचे फेरे जेमतेम ६ टक्क्यांनी वाढतात आणि रेटा सुमारे १३ टक्क्यांनी. उलट, १००० किलो वजनाच्या बोटीतून अनावश्यक असे १०० किलो उतरविले, तर इंजिनाला हातही न लावता आरंभीचे त्वरण ११ टक्क्यांनी वाढते. महागड्या फेरबदलांनी जे साधावयाचे, त्याचा बराचसा भाग जादा टाकी, जड बाके आणि बोटीच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकल्यानेच पदरी पडतो.

वजनानंतर पाहावयाचा तो पंप. इम्पेलरची पाती आणि त्यांच्याभोवतीचे कडे यांच्यातील फट फार थोडी असावी लागते. रेतीमिश्रित पाण्याने कडे झिजले की दाबाखालचे पाणी त्या फटीतून मागे गळते आणि इंजिनाची मेहनत वाया जाते. ही फट पूर्ववत करणे हाच पुष्कळदा सर्वांत स्वस्त व सर्वांत फलदायी उपाय असतो. त्यानंतर इम्पेलरच्या पात्यांचा कल. ज्या फेऱ्यांवर इंजिन आपली पूर्ण शक्ती देते, त्या फेऱ्यांपर्यंत कल जास्त असलेला इम्पेलर त्याला पोहोचूच देत नाही. अशा वेळी कमी कलाचा इम्पेलर बसविला की इंजिन मोकळे होऊन आपल्या उत्तम टप्प्यावर येते. इंजिन मर्यादेपलीकडे फिरत असेल, तर मात्र उपाय नेमका उलटा. यंत्रमागावर मोठी मोटर बसविली म्हणून कापड अधिक निघत नाही, आधी धागे तुटू लागतात, हे भिवंडीतील कोणत्याही मागवाल्यास सांगावे लागणार नाही; पंपाचेही तसेच आहे.

येथे तुटतो तो पाण्याचा धागा. स्थिर नौकेच्या पंपाला समोरून आपोआप दाबाने येणारे पाणी नसते. अशा अवस्थेत इम्पेलर फार जोराने फिरविला की पात्यांवरील दाब इतका घसरतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात, आणि ते फुटताना धातू कुरतडतात. फेरे वाढल्याचा आवाज येतो, रेटा मात्र घटतो. नोझलचे, म्हणजे झोत बाहेर सोडणाऱ्या नळीचे, तोंड थोडे रुंद केल्यास त्याच शक्तीत अधिक पाणी कमी वेगाने फेकले जाऊन आरंभीचा रेटा वाढतो. पण ते फार रुंद केले तर हेच बुडबुड्यांचे संकट लवकर ओढवते, शिवाय सर्वाधिक वेगही घटतो.

एवढे झाल्यावर इंजिनाची पाळी. केवळ कमाल अश्वशक्तीचा आकडा न पाहता मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क पाहावा. हलके फ्लायव्हील इंजिनाला लवकर उसळू देते. आणि हवा थंड जागेवरून घ्यावी, कारण चाळीस अंश तापलेली हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी विरळ असते व तितकाच प्राणवायू सिलिंडरात कमी जातो. मोटारीचे इंजिन नौकेत चढविताना पेट्रोलची वाफ तळाशी साचून पेट घेणार नाही, एक्झॉस्टला पाण्याने थंड ठेवले जाईल, आणि गाळाने पाण्याच्या वाटा तुंबणार नाहीत, एवढा बंदोबस्त मात्र कोणत्याही शक्तिवृद्धीपूर्वी झालाच पाहिजे.

आणि जेट बोटीचा एक दोष आपल्या मुलुखापुरता फार गंभीर आहे. उल्हास नदीत पसरणारी जलपर्णी आणि प्रवाहातून वाहणारा प्लास्टिकचा कचरा पंपाच्या जाळीवर बसला की, शंभर अश्वशक्ती असो वा दोनशे, नौका जागीच थबकते. म्हणून ज्या पालिकांना वा संस्थांना पूरबचावासाठी अशी नौका घ्यावयाची असेल, त्यांनी साहित्यखरेदीच्या यादीत सहज साफ करता येणारी जाळी, बदली इम्पेलर आणि बदली कडे यांची तरतूद प्रथम करावी, आणि मोठ्या इंजिनाची मागणी सर्वांत शेवटी नोंदवावी.