धाप, नळी आणि नाहक ऑक्सिजन

निरोगी माणसाने ट्रेडमिलवर चालताना किंवा जागची सायकल मारताना नाकातोंडाला ऑक्सिजनची नळी लावली, तर अंगात जादा ऊर्जा साठते, थकवा लवकर उतरतो आणि दुखरे स्नायू झपाट्याने पूर्ववत होतात, हा समज २०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेनंतर मराठी घरांत वारंवार कानी पडू लागला आहे. त्या काळात विकत घेतलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे काही घरांत अजून पडून आहेत आणि त्यांचे काय करावे, या प्रश्नाला हा समज आयते उत्तर पुरवतो. कल्पना मात्र जुनी आहे. व्यायामाबरोबर ऑक्सिजन देऊन वार्धक्य आणि आजार रोखता येतील, असे प्रतिपादन ड्रेस्डेनचे भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड फॉन आर्डेन यांनी १९७० च्या दशकातच केले होते. आज त्याच कल्पनेला नवे वेष्टन चढवून ती विकली जाते.

या दाव्याचा हिशेब मांडायला हरिहरेश्वरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. श्रीवर्धन तालुक्यातले हे गाव समुद्रसपाटीला वसलेले असल्यामुळे तेथे हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर पारा एवढा असतो, आणि हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असल्याने एकट्या ऑक्सिजनचा दाब १५९ मिलिमीटरच्या आसपास भरतो. फुप्फुसांतल्या वायुकोशांत, म्हणजे रक्त आणि हवा यांची देवघेव जेथे होते त्या सूक्ष्म पिशव्यांत, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून हा दाब १०० मिलिमीटरपर्यंत उतरतो. परंतु तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन, तेवढ्या दाबावरही ९७ ते ९८ टक्के भरून जाते. एस.टी.ची सर्व आसने भरल्यावर स्थानकावर आणखी उतारू आणून उभे केले, तरी बसून जाणाऱ्यांची संख्या वाढत नाही, तशीच ही स्थिती आहे. उभ्याने जाणारे थोडे वाढतात हे खरे, कारण काही ऑक्सिजन हिमोग्लोबिनला न चिकटता रक्तद्रवात नुसता विरघळतो. पण त्याचे प्रमाण किती, हे जाहिरातीत कधीच सांगितले जात नाही. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि त्यातला विरघळलेला भाग जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन घट्ट मुखवट्यातून घेतला तर हा भाग २ मिलिलिटरपर्यंत जातो, म्हणजे एकूण वाढ फार तर दहा-अकरा टक्के होते.

घरगुती यंत्राने तेवढीही वाढ होत नाही. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांवर दाबाखाली हवा सोडून तो नायट्रोजन अडकवून ठेवतो आणि उरलेला, सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन असलेला वायू मिनिटाला पाच लिटर या वेगाने बाहेर देतो. पलंगावर पडलेला रुग्ण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, म्हणून त्याला हा प्रवाह पुष्कळ होतो. वेगाने धावणारा माणूस मात्र मिनिटाला साठ लिटर हवा आत ओढत असतो आणि त्यातले पंचावन्न लिटर खोलीतल्या साध्या हवेचेच असतात. सरासरी काढली तर त्याच्या श्वासातला ऑक्सिजन २१ वरून फार तर २७ टक्क्यांवर जातो, आणि उच्छ्वासाच्या वेळी नळीतून वाया जाणारा वायू धरला तर तितकाही जात नाही. रक्तात त्याने पडणारी भर एक-दीड टक्क्याची असते. म्हणूनच या व्यायामाचे परदेशी पुरस्कर्ते शेकडो लिटरची पिशवी आधी भरून ठेवायला सांगतात. निदान त्यांना भागाकार येतो, एवढे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

या साऱ्या गैरसमजाचे मूळ दुसरीकडेच आहे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा चढ चढताना पर्यटकाला धाप लागते आणि ‘ऑक्सिजन कमी पडला’ असा निष्कर्ष तो स्वतःच काढून मोकळा होतो. वास्तविक त्या क्षणी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर निरोगी माणसात आकडा जवळपास पहिल्याइतकाच दिसेल. धाप लागते ती मुख्यतः स्नायूंत वाढलेला कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल बाहेर टाकण्याच्या गरजेमुळे, तसेच हलणाऱ्या स्नायूंकडून मेंदूला जाणाऱ्या संदेशांमुळे. रक्तातील ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटरच्या खाली उतरेपर्यंत ऑक्सिजनच्या कमतरतेचा श्वासावर फारसा प्रभाव नसतो. शिवाय विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात पाऊण हिस्सा ऑक्सिजन न वापरताच परत आलेला असतो. सामान्य माणसाची चढण्याची मर्यादा ठरते ती हृदय मिनिटाला किती रक्त फिरवू शकते आणि स्नायूंतल्या केशवाहिन्या व ऊर्जाकणिका ते किती कार्यक्षमतेने वापरतात यांवरून, आणि या दोन्ही गोष्टी नियमित व्यायामाने वाढतात, नळीने नव्हे.

व्यायामाच्या ऐन वेळी दिलेल्या ऑक्सिजनचा काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस म्हणून १९५४ मध्ये गाजलेले रॉजर बॅनिस्टर वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि त्याच वर्षी त्यांनी सहलेखक कनिंगहॅम यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ऑक्सिजनयुक्त हवेने ट्रेडमिलवरची क्षमता वाढल्याचे दाखवले होते. पण तो प्रयोग दमछाक होईपर्यंत धावण्याचा होता आणि लाभ वायू चालू असेपर्यंतचा होता. नंतरच्या विश्रांतीत तो घेतल्याने थकवा लवकर उतरतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९८९ मध्ये आलेल्या, व्यावसायिक फुटबॉलपटूंवरील अभ्यासाने त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे: शुद्ध ऑक्सिजन आणि साधी हवा यांत लॅक्टेटच्या पातळीत किंवा पुढच्या कामगिरीत फरक आढळला नाही आणि आपल्याला कोणता वायू मिळाला, हेही खेळाडूंना ओळखता आले नाही. त्याहून बोलका पुरावा २०१९ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलमध्ये आला. दीर्घकालीन श्वासरोग असलेल्या आणि चालताना ऑक्सिजनची पातळी घसरणाऱ्या रुग्णांना आठ आठवडे व्यायाम देण्यात आला, काहींना ऑक्सिजनसह तर काहींना साध्या वैद्यकीय हवेसह. दोन्ही गट सुधारले, पण ऑक्सिजनच्या गटाला अधिक लाभ झाला नाही. आजारी फुप्फुसांच्या व्यायामातही जो फरक दिसत नाही, तो धडधाकट माणसाला कसा दिसतो, याचे उत्तर विक्रेत्यांनी द्यावे.

‘साठवण’ हा शब्द तर शरीरशास्त्राशी थेट विसंगत आहे. शरीरात ऑक्सिजनचा एकूण साठा दीड लिटरहून अधिक नसतो आणि स्वस्थ बसलेला माणूसही मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. शुद्ध ऑक्सिजनने फुप्फुसे भरली तरी साध्या हवेत परतल्यावर तो जादा साठा मिनिटा-दोन मिनिटांत निघून जातो. सकाळी घेतलेल्या ऑक्सिजनवर दुपारी टवटवीत वाटत असेल, तर त्याचे कारण सकाळच्या व्यायामात शोधावे. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचाही ऑक्सिजनशी संबंध नाही, कारण लॅक्टेट साधारण तासाभरात निवळते आणि स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे येणारी वेदना एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचते.

किनाऱ्यापुरते चार गैरसमज येथेच निकालात काढता येतील. समुद्राच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण अधिक नसते. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावून हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते, आणि या दोन टोकांना ऑक्सिजनची टक्केवारी एकच असते. फक्त सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, ज्याची निरोगी पर्यटकाला जाणीवही होत नाही. खरी उणीव एव्हरेस्टवर भासते, जेथे दाब समुद्रसपाटीच्या एक-तृतीयांशावर येतो, आणि म्हणूनच गिर्यारोहक तेथे सिलिंडर नेतात. समुद्राचा वास ओझोनचा नसतो, आणि ओझोन फुप्फुसांना अपायकारकच असतो. पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही, कारण प्रकाशाशिवाय तो तयारच होत नाही. तारकर्लीच्या पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत सहसा दाबलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरहून खोल पाण्यात मज्जासंस्थेला विषारी ठरू शकतो.

ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधासारखीच त्याची मात्रा असते. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीच्या गळतीमुळे पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, कारण त्यांची फुप्फुसे साध्या हवेतून रक्तात पुरेसा ऑक्सिजन भरू शकत नव्हती. विश्रांतीतही पातळी ८८ टक्के किंवा त्याखाली राहणाऱ्या जुनाट श्वासरोग्यांना दिवसाचे किमान पंधरा तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ च्या अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांनी सिद्ध केले आहे. त्याच रोग्यांपैकी काहींना अनिर्बंध ऑक्सिजन दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले जाते. घरात धोका आगीचाही आहे: ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कपडे, केस आणि तेलकट मलम भडकून पेटतात, आणि देवघरातल्या निरांजनापासून दोन हातांवर चालणारी ट्रेडमिल याला अपवाद नाही.

पूर्वी सहज चढून जाणाऱ्याला तोच चढ आता जड जात असेल, तर हृदयाची आणि रक्ताची तपासणी करायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन १३ ऐवजी ९ ग्रॅम असलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन १७ ऐवजी १२ मिलिलिटरच मावतो, आणि तिला शुद्ध ऑक्सिजन लावला तरी त्यात जेमतेम दोन मिलिलिटरची भर पडते, तीही नळी असेपर्यंत. ऑक्सिमीटर तिच्याही बोटावर ९८ दाखवतो, कारण तो भरलेल्या जागांची टक्केवारी मोजतो, एकूण जागा मोजत नाही. त्या मोजायला हिमोग्लोबिनची तपासणी लागते, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.