रस्त्यावरचा फोटो आणि फोटोवाल्याची रोजी

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ म्हटला की पासपोर्ट साइज फोटो, शाळेचा ग्रुप आणि लग्नाचा अल्बम एवढाच धंदा धरला जातो. त्यातला बराचसा मोबाइलने नेला. उरले लग्न, आणि तिथेही गिऱ्हाईक आता ‘कॅन्डिड’ मागते. नवरदेवाला खुर्चीवर ताठ बसवून नव्हे, तर हसताना-बोलताना, त्याच्या नकळत काढलेला फोटो. मांडवात हा शब्द नवा असेल. ही कला मात्र मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर वाढली आहे.

फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका हा लहानसा कॅमेरा घेऊन हिंडत असे. फ्लॅश नाही, तिपाई नाही. १९४७-४८ मध्ये तो हिंदुस्थानात होता, आणि गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर छापले गेले. आपल्याकडे रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी रंगीत फिल्मवर मुंबईचे रस्ते आणि दुकाने टिपली. मुंबईवरचे त्यांचे पुस्तक १९९४ साली निघाले. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. आता हजार फोटो फुकट निघतात, पण त्यातले दहा निवडायला नजर लागतेच, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते त्या नजरेचे.

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याचे फोटो घेऊन पर्यटकांना हाक मारणारे फोटोवाले आमच्या अनेक वाचकांनी पाहिले असतील. पूर्वी ते पत्ता लिहून घेत व फोटो टपालाने पाठवीत. पुढे लहान प्रिंटर आले आणि फोटो जागेवरच मिळू लागला. २०१९ च्या ‘फोटोग्राफ’ या चित्रपटाचा नायक रफी हा असाच फोटोवाला आहे. चित्रपटाने नाव दिले, पण धंद्याला मोबाइलने घेरले ते घेरलेच.

आता एक तक्रार. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत मोठमोठे कॅमेरे घेऊन हौशी मंडळी येतात. कढईत मालपुवा सोडणारा, सीख फिरवणारा, धुरात उभा कारागीर त्यांना हवा असतो. फोटो प्रदर्शनात लागतो, स्पर्धेत जातो. ज्याचा चेहरा आहे, त्याला प्रत मिळतेच असे नाही, त्याचे नाव तर क्वचितच छापले जाते. आम्ही फोटोच्या विरोधात नाही. (फोटोच्या जायज-नाजायजवर उलेमांत मतभेद आहेत, तो विषय या पानाचा नाही.) पण गरिबाचा चेहरा म्हणजे बेवारस माल नव्हे. आधी टिपला असेल तर नंतर तरी विचारावे, आणि नको म्हटले तर पुसून टाकावा. स्त्रियांच्या बाबतीत तर आधीच विचारावे.

कायद्याचे दोन शब्द फोटोग्राफर बांधवांच्या उपयोगाचे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला तर, वेगळा करार नसल्यास, त्याचा पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. तेव्हा वलीम्याचा सुंदर फोटो दुकानाच्या शोकेसमध्ये किंवा मोबाइलवर जाहिरातीसाठी लावायचा असेल तर बयाणा घेतानाच पावतीवर तसे लिहून घ्यावे. उलट, स्वतःहून बाजारात काढलेल्या फोटोचा मालक सर्वसाधारणपणे काढणाराच. मात्र २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आहे, हे विसरू नये.

गावात काम कुठे आहे? आठवडी बाजारात पाहा. बांगड्या चढवणारा मणियार, गादी भरणारा पिंजारी, फळांची रास लावणारा बागवान, पानाची उलटसुलट करणारा तांबोळी. यांना दुकानासाठी, कार्डासाठी, गूगलवर टाकण्यासाठी कामात गुंतलेला आपला फोटो हवा आहे. तसा काढून देणारा हवा. भर दुपारच्या उन्हात डोळे काळे पडतात, म्हणून सकाळ धरावी, किंवा माणसाला दाराच्या आत हातभर सावलीत बसू द्यावे आणि उजेड बाजूने घ्यावा. चालत्या हाताला १/२५० शटर बरा. पाच-दहा मिनिटे नुसते बोलत बसले की तो कॅमेरा विसरतो. हात चेहऱ्याइतकेच महत्त्वाचे, ते कापू नयेत. पहिली प्रिंट मोफत द्यावी. ती गल्ल्यामागे लागते आणि शेजारचा दुकानदार विचारतो, कोणी काढला?