विचारपूस झाली, आता लावणीला या

भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीत पोराला मोठं दुखणं निघालं की दोन दिवसांत सगळ्या खोऱ्याला कळतं. माणसं येतात, केळी आणि बिस्किटांचे पुडे आणतात, हळहळतात. मायेत काही कमी नसतं. पण त्या मायेबरोबर काही समजुतीही घरात शिरतात, आणि त्यांची किंमत आई-बाप पुढे कितीतरी महिने मोजत राहतात. नेहमी कानावर पडणाऱ्या काही समजुती इथे घेतल्या आहेत.

गैरसमज : एवढा मोठा आजार म्हणजे जमीन विकावीच लागणार.

वस्तुस्थिती : रान विकायची बोलणी करण्याआधी रेशनकार्ड शोधा. राजीव गांधी जीवनदायी या नावानं २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर चालते. तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आता पांढरं कार्डही चालतं. मुलांचे कर्करोग आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी गाठायचं. फोनवर विचारायचं असेल तर १५५३८८. याशिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हृदयाचा जन्मजात दोष, फाटलेला ओठ, वाकडे पाय अशा दोषांची मुलं हेरून पुढच्या उपचारांना पाठवणं हे त्याचं काम. पथक येतं त्या दिवशी पोराला घरी ठेवू नये, एवढं साधं पथ्यही पुष्कळदा पाळलं जात नाही.

अडतं ते कागदावर. पोराचं नाव कार्डावर चढवलेलं नसतं, आधारवर एक स्पेलिंग आणि जन्मदाखल्यावर दुसरंच. कातकरी वस्तीत तर काही घरांकडे कार्डच नसतं. वॉर्डात पोराच्या उशाशी बसलेला बाप तहसील कचेरीत हेलपाटे घालू शकत नाही, तिथे भावकीतल्या शिकल्यासवरल्या पोरानं जायचं असतं. जाताच आहात तर संजय गांधी निराधार योजनेची चौकशीही त्याच फेरीत करावी. दुर्धर आजार आणि दिव्यांगत्व तिच्यात येतं. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वात धरले आहेत, हे तर अनेक पालकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

गैरसमज : पोरगं खेळायला लागलं, म्हणजे बरं झालं. आता कशाला फेऱ्या मारता?

वस्तुस्थिती : माझ्या मते सगळ्यात घातक समज हाच, कारण तो चांगल्या मनानं बोलला जातो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. पहिले काही महिने सलाइनमधून औषधं, उलट्या, गळणारे केस. हा काळ सगळ्यांना दिसतो. नंतरचा मोठा काळ घरी रोज गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी. तेव्हा केस परत आलेले असतात, पोरगं पारावर उड्या मारत असतं. आजी म्हणते, "झालं की बरं, आता त्या गोळ्यांनी उगीच अंगात उष्णता वाढते." गोळ्या सुटल्या की आजार उलटण्याचा धोका वाढतो. पूर्ण उपचार मिळाले तर श्रीमंत देशांत दहातली आठ कॅन्सरग्रस्त मुलं बरी होतात.

आता ही तारीख पाळणं काय असतं ते बघा. भोरहून स्वारगेट पन्नासेक किलोमीटर, म्हणजे कागदावर फार नाही. पण हिर्डोशीकडून किंवा केळदहून निघालेल्या माणसाला आधी तालुक्याचं गाव गाठायचं असतं. वेल्ह्याच्या बाजूच्यांना चेलाडी फाट्यावर येऊन पुढची गाडी बघायची असते. पावसाळ्यात घाटात दरड आली की तो दिवस गेला. तपासणीच्या दिवशी मोटरसायकलवर हायवेपर्यंत सोडणारा माणूस हा त्या घराला देवासारखा. एसटीत कर्करोग, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना सवलत असते, तिचा दाखला रुग्णालयातून मागून घ्यावा. मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं तर फुटपाथवर पथारी टाकण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागाकडे राहण्याची चौकशी करावी. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून उपचारासाठी आलेल्या कॅन्सरग्रस्त मुलांची आई-वडिलांसह मोफत सोय करते.

गैरसमज : भेटायला गेलं नाही तर माणुसकी नाही.

वस्तुस्थिती : केमोथेरपीनंतर काही दिवस मुलाच्या पांढऱ्या पेशी फार खाली येतात. तेव्हा पाहुण्याचा साधा खोकला त्याला पुन्हा वॉर्डात नेऊ शकतो. सर्दी असेल तर जाऊच नये. गेलात तर हात साबणानं धुवा, पोराचे गालगुच्चे घेऊ नका, आणि "आमच्या त्या अमक्याच्या पोराला असंच झालं होतं" ही गोष्ट वेशीबाहेर ठेवून या. अशा मुलाला १००.४ च्या वर ताप आला तर तापाची गोळी देऊन सकाळच्या गाडीची वाट बघायची नसते. रात्रीच निघायचं असतं. गावात कुणाची गाडी आहे, रात्री कुणाला उठवायचं, हे आधीच ठरलेलं असावं. नाहीतर १०८.

गैरसमज : हे कुणाचं तरी केलेलं आहे, किंवा आईनं ग्रहण पाळलं नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही खोटं. रक्ताचा कर्करोग किंवा हृदयाला भोक आईच्या चुकीनं होत नाही. मेंगाईला नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला, अंगारा लावा. औषध बंद करायला सांगणाऱ्या देवऋष्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

गैरसमज : डॉक्टर "घरी न्या" म्हणाले, म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही.

वस्तुस्थिती : आजार हटत नाही तेव्हाही दुखणं, दम लागणं, उलट्या, झोप न येणं यांवर उपाय असतात. या शुश्रूषेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुलांच्या बाबतीत ती निदानाच्या दिवसापासून, मूळ उपचारांच्या बरोबरीनं सुरू व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ मध्येच सांगितलं. ती शहरापुरती नाही. २०१० पासून जव्हारसारख्या दुर्गम भागात मुलांसाठी असं काम उभं करण्याचा प्रयत्न झाला आहे. आपल्या बाजूला, भोरहून पुण्यात शिरताना लागणाऱ्या वारज्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची ही काळजी मोफत घेतं.

दुखण्यावर तोंडानं घ्यायचं मॉर्फीन हे मुख्य औषध. त्याचं नाव काढलं की घरचे दचकतात, पोराला व्यसन लागेल म्हणतात. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत मुलाला व्यसन लागत नाही. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ राहण्याचं औषध देतात. मॉर्फीन स्वतःच्या मनानं एकदम बंद करायचं नसतं. ते मिळवणं पूर्वी परवान्यांच्या जंजाळात अडकायचं, २०१४ च्या कायदादुरुस्तीनं हे नियम सोपे झाले. तरी ते साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. संपायच्या आठवडाभर आधी आणायला कुणाला तरी पाठवावं लागतं.

गैरसमज : मदत म्हणजे पैसे, आणि ते आमच्याकडे नाहीत.

वस्तुस्थिती : या खोऱ्यांनी इर्जिक पाहिलेली आहे. ज्याचं रान मागे राहिलं त्याच्याकडे सगळ्यांनी औतं घेऊन जायचं, त्यानं जेवण घालायचं. आजारी पोराच्या घराला हेच हवं असतं, फक्त जेवणाची अपेक्षा न ठेवता. आषाढात आई-बाप ससून रुग्णालयाच्या ओसरीत आणि भाताची रोपं वाफ्यात पिवळी पडायला आलेली, तेव्हा चार जोडप्यांनी एक दिवस लावणी करून दिली तर त्या घराचा वर्षाचा तांदूळ वाचतो. म्हशीची धार, डेअरीत दूध घालणं, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या ही कामं बोलायला किरकोळ वाटतात.

घरी राहिलेलं भावंड कुणाच्या लक्षात येत नाही. ताईला काय झालं हे त्याला कुणी सांगत नाही, मग ते मनाशीच ठरवतं की आपण भांडलो म्हणून झालं. त्याला खरं सांगावं, सोप्या शब्दांत. संध्याकाळी अभ्यासाला आपल्या पोरांत बसवावं. शिक्षकांनीही पट बघताना आजारी मुलाचं नाव कमी करायची घाई करू नये. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं मिळाला आहे.

आणि बचत गट. आई महिनोन्महिने पुण्यात असते, हप्ता थकतो, मग ती गावात आली तरी बैठकीला तोंड दाखवत नाही. तिचा हप्ता उपचार संपेपर्यंत पुढे ढकलायचा की गटाच्या निधीतून भरायचा, हे ती मागणी करायच्या आधीच पुढच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावं.