शंभर डिग्रीवर धुतले जाणारे रंग

थर्मामीटरवर शंभर दिसले की घरात तापाची चर्चा सुरू होते. रंगीत फोटोंचा रोल धुण्याचे द्रावणही नेमके तेवढेच गरम लागते : १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ सेल्सिअस. कोडॅकने १९७२ मध्ये आणलेली ही ‘सी-४१’ पद्धत आजही रूढ आहे. पहिल्या द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, रोल सव्वातीन मिनिटे राहतो.

फिल्म कॅमेऱ्याचा छंद परतल्याने हे काम आता घरच्या मोरीतही होते. अंधार लागतो तो रोल बंद डब्यात भरेपर्यंतच. इतरत्र द्रावणाच्या बाटल्या गरम पाण्यात ठेवतात. सांगोल्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीचे पाणी उलट बर्फ टाकून निववावे लागते. बोअरच्या जड पाण्याचे डाग निगेटिव्हवर उमटतात, म्हणून शेवटच्या धुण्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर बरे.

खरी काळजी हातांची. डेव्हलपरमधले ‘सीडी-४’ हे रसायन केसांच्या काळ्या डायमधल्या पीपीडीचे भाऊबंद. काहींना त्याने खाज सुटते, पुरळ उठते. फोटो लॅबमधल्या कामगारांच्या त्वचेवर जांभळट, खाजरे चट्टे आल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात जुन्याच आहेत. अशी अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. डाय किंवा काळी मेंदी ज्यांना सोसत नाही, त्यांनी या छंदापासून लांबच राहिलेले बरे. बाकीच्यांनी नायट्राइलचे हातमोजे घालावेत, पावडर खिडकी उघडी ठेवून कालवावी आणि स्वयंपाकाचे एकही भांडे वापरू नये. पुरळ उठलेच, तर त्वचारोगतज्ज्ञांना रसायनाचे नाव सांगावे; नाहीतर नायट्याचे मलम लावण्यात महिने जातात.

कृष्णधवल निगेटिव्हमधले चित्र चांदीचे असते. रंगीत फिल्ममध्ये मात्र चांदी रंग घडवून बाजूला होते, उरतात ते पिवळे, किरमिजी आणि निळसर रंगकण. ती चांदी वापरलेल्या फिक्सरमध्ये उतरते आणि पाण्यातल्या जिवांना ती घातक असते. डाळिंबाच्या बागा विहिरी-बोअरवर जगवणाऱ्या तालुक्यात हे पाणी परसात ओतणे बरे नव्हे. एक्स-रे फिल्म धुणाऱ्या दवाखान्यांकडून असे फिक्सर चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात. तोवर ते झाकणाच्या कॅनमध्ये, नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे.