रेघ ओढणं सोपं झालं तेव्हा

नकाशावर रेघ ओढून प्रवास दाखवणं फार जुनं. पण रेघेच्या जाडीतून वर्दळ मोजून दाखवण्याची सुरुवात झाली ती १८३७ साली, आयर्लंडमध्ये. तिथे रेल्वे कुठून न्यावी हे ठरवायला आयोग नेमला होता. त्याच्यासाठी हेन्री हार्नेस या लष्करी अभियंत्याने नकाशे तयार केले. ज्या रस्त्यावर वाहतूक जास्त, तिथली रेघ जाड. रूळ पडण्याआधीच ते कुठे हवेत हे डोळ्यांना दिसलं.

ही रीत कळसाला नेली फ्रान्सच्या शार्ल मिनार यांनी. नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा त्यांचा नकाशा आज जगभर शिकवला जातो. तो १८६९ साली, त्यांच्या वयाच्या ८८व्या वर्षी प्रसिद्ध झाला. जाताना ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा आणि परतताना १०,००० जणांची बारीक काळी रेघ. पण मराठी वाचकाने पाहावा तो त्यांचा कापसाचा नकाशा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी युरोपात येणारा कापूस मुख्यतः अमेरिकेचा होता, म्हणून १८५८ च्या चित्रात तिकडचा पट्टा जाडजूड. १८६४ च्या चित्रात तो रोडावतो आणि हिंदुस्थानचा पट्टा फुगतो. सुएझ कालवा अजून उघडायचा होता, त्यामुळे हा माल आफ्रिकेला वळसा घालून जाई. खानदेश-वऱ्हाडातला कापूस, मुंबई बंदरातली धावपळ, शेअरबाजाराची झिंग आणि १८६५ मधली पडझड हे सगळं ज्या व्यापारातून घडलं, तो व्यापार त्या एका पट्ट्यात दिसतो. एवढे जाड पट्टे अरुंद समुद्रांतून जाईनात, तेव्हा मिनार यांनी किनारेच थोडे सरकवले. रेघेने काय सांगायचं हे त्यांनी आधी ठरवलं होतं. भूगोलाला किती मुरड घालायची, ते त्यानंतर.

पुढे हे काम संगणकाकडे आलं. अमेरिकेचे भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोबलर यांनी १९८७ साली स्थलांतराचे नकाशे संगणकाकडून काढून घेण्याचे प्रयोग मांडले. अडचण लगेच समोर आली. ५० राज्यांत प्रत्येकातून प्रत्येकात जाणारे बाण काढायचे तर ते २,४५० होतात आणि नकाशाचा गुंता होतो. म्हणून लहान प्रवाह गाळावेत, असं त्यांनी सुचवलं. संगणक सगळं काढू शकत होता, पण काय काढायचं नाही हे माणसालाच ठरवावं लागलं.

स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून २००३ साली टॅब्लो ही कंपनी निघाली आणि ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांच्याही हातात नकाशे आले. तरी मार्ग काढायला मेहनत होती. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीचा मार्ग घ्या. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी अशा प्रत्येक ठिकाणासाठी तक्त्यात वेगळी ओळ, तिच्यात अक्षांश, रेखांश आणि क्रमांक. तो क्रमांक टॅब्लोतल्या ‘पाथ’ या कप्प्यात ठेवला नाही, तर रेघ भलत्याच क्रमाने गावं जोडत सुटते. ही शिस्त कंटाळवाणी खरी, पण तिच्यामुळे वाट कुठून कुठे जाते याचा विचार करणं भाग पडे.

दरम्यान २०१० च्या डिसेंबरात पॉल बटलर यांनी फेसबुकवरच्या मैत्रीचा नकाशा काढला. शहराशहरांना जोडणाऱ्या उजळ कमानींतून खंडांचे आकार उमटले. त्या कमानींवरून कुणी प्रवास केलेला नव्हता. त्या फक्त ओळखी होत्या. २०१८ मध्ये उबरने केपलर हे साधन सर्वांसाठी मोफत खुलं केलं आणि अशा कमानी काही मिनिटांत काढता येऊ लागल्या. २०१९ मध्ये टॅब्लोत ‘मेकपॉइंट’ आणि ‘मेकलाइन’ ही फंक्शन्स आली. आता एकाच ओळीत निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण दिलं की रेघ तयार.

ही सोय मला मनापासून मोलाची वाटते. शाळेतली मुलगी, गावातला पत्रकार, एखादी संस्था, कुणीही आज आपल्या माहितीचा नकाशा काढू शकतं. पण याच सोयीमुळे दोन टोकांना जोडणारी रेघ सर्रास मार्ग म्हणून खपते. आळंदी आणि पंढरपूर ही दोनच ठिकाणं दिली, तर सरळ रेघ मिळते. तिच्यात ना दिवे घाट, ना जेजुरी. दोन गावांमधलं नातं दाखवायला ती पुरेशी आहे, पण वारी दाखवायला नाही. पाण्याचे टँकर कुठे लावायचे हे त्या रेघेवरून ठरवलं, तर ते जिथे वारकरी फिरकतही नाहीत अशा शिवारात उभे राहतील.

म्हणून प्रत्येक नकाशाखाली एक वाक्य हवंच: ही रेघ चाललेली वाट दाखवते की दोन ठिकाणांमधला नुसता संबंध, आणि तिची जाडी कशाची आहे. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार सैनिक, हे मिनार यांनी नकाशावरच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे साधनं कितीतरी वेगवान आहेत, तेव्हा तेवढं लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच आहे.